सोलरचं पाणी कोमट का येतं: टाकी, पाइप आणि गीझरची सेटिंग तपासण्याची पद्धत

जानेवारीत सोलापुरात गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) यात्रेला पाहुणे येतात आणि चौथ्या माणसाच्या अंघोळीला सोलरचं पाणी संपतं. मग ठरलेला निष्कर्ष निघतो: सोलर लहान पडतोय, आणखी शंभर लिटरचा बसवू. जुळे सोलापूर, सैफुल, होटगी रोडकडच्या कितीतरी गच्च्यांवर याच कारणाने दोन-दोन सोलर उभे आहेत आणि खाली न्हाणीघरात तक्रार तशीच आहे. सोलर खरोखर लहान असू शकतो. पण त्याआधी गरम पाणी तयार होतंय की नाही आणि तयार झालेलं कुठे जातंय, हे दोन प्रश्न सोडवायला हवेत. त्यासाठी लागतं १०० अंशांपर्यंतचं साधं थर्मामीटर, एक लिटरचं माप आणि एक दिवस.

आधी मोजा

ऊन स्वच्छ असलेला दिवस निवडा. सकाळच्या अंघोळी उरकल्यावर त्या दिवशी गरम पाणी वापरू नका. मग चार आकडे लिहून काढा.

१. संध्याकाळी पाचला गच्चीवर, सोलरच्या शक्य तितक्या जवळ, पाण्याचं तापमान. तिथे नळ नसेल तर गरम पाणी निघतं तिथल्या जोडाजवळ (युनियनजवळ) एक अर्धा इंची टी आणि कॉक कायमचा बसवून घ्या. पुढच्या प्रत्येक तपासणीत उपयोगी पडतो.

२. दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला, कुणी नळ उघडण्याआधी, तिथलंच तापमान.

३. लगेच खाली न्हाणीघरात नळ सोडून पाणी चांगलं गरम येईपर्यंत किती लिटर गार पाणी निघालं ते. बादलीत धरा, वाया घालवू नका.

४. पाणी स्थिर गरम झाल्यावर नळाखालचं तापमान.

हिवाळ्यात आपल्याकडे टाकीतलं गार पाणी २०–२२ अंशांच्या आसपास असतं. नीट चाललेला सोलर ते संध्याकाळी ५५–६० पर्यंत नेतो आणि रात्रीत पाच-आठ अंश गमावतो. हे जमत असेल तर यंत्र ठीक आहे, दोष पाइपात आहे. संध्याकाळीच पाणी ४५ ला अडकत असेल तर दोष गच्चीवर आहे. संध्याकाळी ६० आणि पहाटे ४२ असेल तर रात्री पाणी कुठेतरी निसटतंय किंवा टाकीचं आवरण भिजलंय.

वर गरम, खाली कोमट

सगळ्यात जास्त फसवणारा दोष हाच. नवीन घरांत गार पाण्याच्या लाइनला प्रेशर पंप असतो आणि गरम पाणी मात्र सोलरवरून नुसत्या उंचीच्या दाबाने उतरतं. न्हाणीघरातल्या मिक्सरचे दोन्ही कॉक उघडे राहिले आणि शॉवर पुढून बंद केला, किंवा मिक्सरच्या पुढे लावलेला हँड शॉवर फक्त त्याच्या खटक्याने बंद ठेवला, की जास्त दाबाचं गार पाणी मिक्सरमधून गरम लाइनमध्ये शिरतं आणि उलटं वर सोलरपर्यंत चढतं. कधी ते व्हेंटमधून, म्हणजे सोलरच्या माथ्यावरच्या हवेच्या उभ्या पाइपातून, गच्चीवर सांडतं, कधी सोलरमधलं गरम पाणी गार टाकीत ढकलतं. घरातल्यांना एवढंच दिसतं की सोलर चालत नाही.

ओळखायचं असं: सोलरला येणाऱ्या गार पाण्याचा कॉक गच्चीवर बंद करा. खाली गरम पाण्याचा एकच नळ उघडा. गरम पाण्याची लाइन सोलरच्या टाकीच्या माथ्यावरून निघते, त्यामुळे खालून गार पाणी ढकलायचं थांबलं की लाइनमधलं पाणी निथळून नळ काही वेळात कोरडा पडायला हवा. तो वाहतच राहिला आणि पाणी गार आलं, तर एखादा मिक्सर पाणी पलीकडे सोडतोय. आता एकेका न्हाणीघराचे खालचे अँगल कॉक बंद करत जा. जो बंद केल्यावर धार थांबते तो गुन्हेगार. त्याचं काडतूस, म्हणजे आतली सिरॅमिक कार्ट्रिज, बदला. सोबत प्रत्येक मिक्सरच्या गरम बाजूला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा, बसवा. तो हलक्या स्प्रिंगचा असू द्या. जड स्प्रिंगचा व्हॉल्व्ह सोलरच्या दोन-तीन मीटर उंचीच्या दाबाला उघडतच नाही आणि मग दुसरी तक्रार सुरू होते. पंप असलेल्या घरात खरा उपाय गार-गरम दोन्ही लाइनला सारखा दाब देण्याचा आहे. पण साध्या सोलरची टाकी दाबासाठी बनवलेली नसते, म्हणून पंप तिच्या आधी लावायचा नाही. लावायचाच तर तिच्या पुढे, गरम पाणी सहन करणारा, आणि त्यालाही सोलरची व्हेंट उघडी असण्याची अट आहेच.

दुसरं कारण पाइपात उभं राहिलेलं पाणी. रात्रभरात ते गार होतं आणि सकाळी आधी तेच बाहेर येतं. पाऊण इंची सीपीव्हीसी (गरम पाण्याला चालणाऱ्या प्लॅस्टिकच्या) पाइपात मीटरला साधारण पाव लिटर पाणी मावतं, एक इंचीत ०.४३ लिटर, अर्धा इंचीत जेमतेम ०.१२. म्हणजे गच्चीपासून तळमजल्याच्या न्हाणीघरापर्यंत २५ मीटर एक इंची पाइप टाकला असेल तर जवळजवळ ११ लिटर गार पाणी आधी निघणार. पाऊण इंचीत ते साडेसहा लिटरवर येतं. घरातली पाच माणसं तासातासाच्या अंतराने अंघोळ करत असतील तर दर वेळी पाइप निवतो आणि हीच वजाबाकी पाचदा होते. ती पन्नास लिटर जागा सोलरमध्ये गार पाण्याने भरली जाते, म्हणजे उरलेलं पाणीही निवतं. जाड पाइप म्हणजे चांगलं काम, ही समजूत गरम पाण्याच्या बाबतीत उलटी पडते. मुख्य लाइन पाऊण इंची, न्हाणीघरातली फांदी अर्धा इंची, आणि मार्ग जितका आखूड तितका उत्तम. अंघोळी एकामागोमाग उरकणं हा बिनपैशाचा उपाय आहे आणि तो सर्वात जास्त चालतो.

उघड्या पाइपाला नायट्राइल रबराचं १३ मि.मी. जाडीचं आवरण घाला. पाऊण इंची सीपीव्हीसीचा बाहेरचा व्यास २२ मि.मी., एक इंचीचा २८. त्याच मापाची नळी मागा, सैल नको. उन्हात हे काळं रबर दोन-तीन वर्षांत भुगा होतं, म्हणून गच्चीवरच्या भागाला वरून ॲल्युमिनियमची टेप गुंडाळायची. कोपरे आणि टी उघडे ठेवण्याची प्लंबरांना सवय असते, तेही झाका. सोलरच्या तोंडाशी पांढरा साधा पीव्हीसी पाइप दिसला तर तो आजच बदला. उन्हाळ्यात पाणी ८० च्या वर जातं, तेव्हा तो मऊ पडून सांध्यातून सुटतो.

नळ कोरडा, पण सोलर भरलेला

ही तक्रार सोलापुरात विशेष दिसते आणि तिचं मूळ नळाच्या पाण्याच्या पाळीत आहे. पाणी काही दिवसांआड येतं. पाळीच्या दिवशी गच्चीवरची टाकी काठोकाठ असते, पुढच्या पाळीपर्यंत ती निम्म्याखाली जाते. सोलरमधलं गरम पाणी बाहेर पडतं ते गार पाण्याच्या पातळीच्या रेट्याने. गार टाकीतली पातळी सोलरच्या माथ्याखाली गेली की गरम नळ थांबतो, आत २०० लिटर कढत पाणी असलं तरी. गार नळाला मात्र पाणी असतं, म्हणून कुणाला टाकीचा संशय येत नाही.

सोलरच्या ऊन झेलणाऱ्या काचेच्या नळ्या १.८ मीटर लांबीच्या असल्या आणि ३० अंशांच्या उतारावर बसवल्या तर सोलरच्या टाकीचा माथा गच्चीपासून पाच फुटांच्या आसपास येतो, ४५ अंशांवर पावणेसहा फुटांवर जातो. गार टाकीचा तळ त्याच्या निदान एक फूट वर हवा. म्हणजे टाकीसाठी सहा ते सात फुटांचा चौथरा. तीन-चार फुटांच्या कट्ट्यावर ठेवलेली टाकी भरलेली असेपर्यंतच काम करते.

हजार लिटरची टाकी उचलून नव्या चौथऱ्यावर चढवणं खर्चाचं काम आहे आणि स्लॅबवरच्या भाराचा विचार आधी करावा लागतो. त्यापेक्षा सोलरसाठी २००–३०० लिटरची वेगळी छोटी टाकी सात फुटांच्या लोखंडी स्टँडवर ठेवा. मोटरची लाइन आधी तिच्यात सोडा, बॉलकॉक लावा, ती भरली की पाणी मोठ्या टाकीत जाऊ दे. या छोट्या टाकीतून सोलरशिवाय दुसरा कुठलाही नळ काढायचा नाही. एकाच लाइनवर सोलर आणि फ्लश दोन्ही असले, की टाकी रिकामी होताना फ्लशच्या नळाला सोलरचं गरम पाणी ओढलं जातं. गार नळातून अचानक गरम पाणी आलं तर हेच समजा.

एअर व्हेंटकडे याच वेळी बघून घ्या. सोलरच्या माथ्यावरून निघणारा हा उभा पाइप गार टाकीच्या भरलेल्या पातळीपेक्षा दीड-दोन फूट उंच असावा, वरचं तोंड खाली वळवलेलं, आणि मध्ये कुठेही कॉक नसावा. तो बुटका असेल तर टाकी भरली की गच्चीवर गरम पाण्याची धार लागते. ती थांबवायला कुणीतरी त्याला बूच मारतं. मग वाफ कोंडते, किंवा पाणी उतरताना हवा आत न गेल्याने स्टीलची टाकी आतल्या बाजूला चेपते. चेपलेली टाकी दुरुस्त होत नाही.

संध्याकाळीच पाणी गरम नसेल

पहिल्यांदा वापर तपासा. दुपारी चारला धुणं-भांड्याला गरम पाणी वापरलं तर तेवढंच गार पाणी आत आलं आणि सूर्य तर मावळतीला लागला. सकाळची कोमट तक्रार कित्येक घरांत संध्याकाळच्या सिंकमधून सुरू होते.

मग दिशा. सोलापूर १७.७ उत्तर अक्षांशावर आहे. हिवाळ्यात जास्त ऊन मिळावं म्हणून नळ्यांचा उतार अक्षांशापेक्षा १०–१५ अंश जास्त, म्हणजे २८ ते ३२, आणि तोंड दक्षिणेला. मोबाइलचं होकायंत्र चालतं, फक्त ते लोखंडी स्टँडपासून चार-पाच पावलं दूर धरा. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ४९ अंशांवर असतो, त्यामुळे दोन मीटर उंच टाकीची सावली उत्तरेला पावणेदोन मीटर पडते. सकाळी नऊला आणि दुपारी चारला ती त्याहून कितीतरी लांब. उन्हाळ्यात पाहून सोलर बसवला की ही सावली दिसतच नाही. मे महिन्यात दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो. शेजाऱ्याने मधल्या काळात वरचा मजला चढवला असेल तर तेही बघा.

नळ्यांवरची धूळ हिवाळ्यात पंधरा-वीस दिवसांनी धुवावी, पहाटे. तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका.

धुताना नळीच्या खालच्या टोकाकडे बघा. चांगल्या नळीचं टोक आतून आरशासारखं चंदेरी असतं. ते दुधी पांढरं झालं असेल तर दोन काचांमधली निर्वात पोकळी गेली. अशी नळी दिवसा थोडं तापवते आणि रात्री भरपूर उष्णता सोडते. वीसपैकी तीन-चार नळ्या अशा असल्या तर पहाटेचं तापमान स्पष्ट पडतं. हाताने तपासायचं तर उन्हात नळीच्या बाहेरच्या काचेला स्पर्श करा: शाबूत नळी बाहेरून जवळजवळ हवेइतकीच असते, गेलेली नळी तापलेली लागते.

आता पाणी. इथला खडक बसाल्ट, बोअर खोल, पाणी जड. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह आणि दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत चालण्याजोगा धरला आहे. सोलरसाठी ३०० च्या पुढे गेलं की क्षार जमण्याचा वेग त्रासदायक होतो. तपासणीचा छोटा किट मिळतो, त्यात थेंब मोजून आकडा कळतो. टीडीएस मीटरच्या आकड्यावर विसंबू नका, तो सगळे विरघळलेले क्षार मोजतो, कठीणपणा वेगळा. उजनीचं नळाचं पाणी आणि बोअरचं पाणी एकाच टाकीत मिसळण्याची पद्धत घराघरांत आहे. सोलरची छोटी टाकी वेगळी केलीत, तर तिच्यात फक्त नळाचं पाणी सोडा. दिवसाला दीड-दोनशे लिटरचाच प्रश्न असतो. कायम बोअरच असेल तर तांब्याच्या बारीक नळ्यांचा सपाट सोलर घेऊच नका, त्या चोंदतात. काचेच्या नळ्यांत क्षार तळाशी साठतात, पण त्या काढून धुता येतात.

नळ्या धुण्याची रीत. हे काम पहाटे उजाडण्याआधी सुरू करायचं किंवा सूर्य मावळल्यावर. रिकामी नळी उन्हात २०० अंशांच्या वर तापते. तिच्यात पाणी पडलं की ती फुटलीच.

गार पाण्याचा कॉक बंद करा, टाकीत विजेची तापवणारी कॉइल असेल तर तिचा एमसीबी (वीज तोडणारा स्विच) पाडा, टाकी रिकामी करा. गरम पाणी बादल्यांत धरून वापरता येईल असा दिवस निवडा. नळीच्या तोंडाशी साबणाचं पाणी लावून ती गोल फिरवत वर सरकवा आणि खालचं टोक स्टँडवरच्या आधाराच्या कपातून सोडवा. ५८ मि.मी. व्यासाच्या १.८ मीटर नळीत सुमारे तीन लिटर पाणी असतं, त्यामुळे ती वाटते त्यापेक्षा जड लागते. दोन माणसं आणि रबरी हातमोजे हवेत. आतला चुरा ओता. चिकटलेल्या थरासाठी लिटरला ५० ग्रॅम लिंबूसत्व, म्हणजे एका नळीला १५० ग्रॅम, कोमट पाण्यात विरघळवून दोन-तीन तास उभं ठेवा आणि दोनदा खळबळून टाका. तेच द्रावण पुढच्या नळीत ओतता येतं, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. फरशीचं ॲसिड टाकीजवळ नेऊ नका. त्यातलं क्लोराइड टाकीच्या ३०४ जातीच्या स्टीलला बारीक छिद्रं पाडतं आणि ती वर्षभराने गळतात.

बसवताना प्रत्येक सिलिकॉन रिंग बघा. कडक झालेली किंवा चिरलेली असेल तर नवीन घाला. रिंगला साबणाचं पाणी लावा, ग्रीस नको. नळ्या बसल्यावर टाकी पूर्ण भरून व्हेंटमधून हवा निघेपर्यंत थांबा. मध्येच एखादी नळी फुटली तर टाकी तिच्या भोकापर्यंत रिकामी होते, म्हणून दोन नळ्या आणि चार रिंगा घरात ठेवलेल्या बऱ्या. अवकाळी गारांच्या दिवसांत तर नक्कीच.

खरंच लहान आहे का?

वरचं सगळं नीट असेल तरच हा हिशेब करायचा. अंघोळीचं पाणी ४० अंशांचं धरा, गार पाणी २२ चं. २० लिटरची एक बादली तयार करायला सोलरचं पाणी ६० असेल तर साडेनऊ लिटर लागतं, ५० असेल तर १३, आणि ४५ असेल तर पावणेसोळा. पाच माणसं, प्रत्येकी दोन बादल्या: ६० अंशांना ९५ लिटर, ४५ अंशांना १५७. पाइपातली वजाबाकी पन्नास लिटर धरली तर पहिला आकडा दीडशेच्या आत राहतो, दुसरा २०० पार करतो. म्हणजे तेच २०० लिटरचं यंत्र एका तापमानाला पुरतं आणि दुसऱ्याला अपुरं पडतं. शॉवर मिनिटाला नऊ लिटरचा आणि आठ मिनिटांचा असेल तर एका अंघोळीचं पाणी ७२ लिटर. बादलीवाल्या घरासाठी घेतलेला सोलर शॉवर आल्यावर कमी पडतो, ते असं.

यंत्राचा आकार नळ्यांवर ठरतो, टाकीवरच्या स्टिकरवर नाही. १०० लिटरमागे ५८ मि.मी. × १.८ मीटरच्या १० नळ्या, किंवा ४७ मि.मी. × १.५ मीटरच्या १४ हे प्रमाण धरा. २०० लिटरला १५ नळ्या दिसल्या तर हिवाळ्यात ६० ची आशा सोडा. कोटेशनमधले लिटर फक्त टाकीचे की नळ्यांतलं पाणी धरून, हेही लेखी विचारा. २० नळ्यांतच ५५–६० लिटर असतात आणि तळाशी उभं असलेलं ते पाणी नळाला फारसं येत नाही. टाकीचं माप स्वतः काढता येतं. बाहेरच्या व्यासातून दोन्ही बाजूंचं आवरण, बहुधा ५०-५० मि.मी., वजा करा. आतला व्यास ३६० मि.मी. असेल तर लांबीच्या प्रत्येक मीटरला १०२ लिटर.

वाढवायचंच ठरलं तर जुन्या टाकीला नळ्या जोडता येत नाहीत, भोकं ठरलेली असतात. दुसरं यंत्र घ्यावं लागतं आणि ते जुन्याच्या पुढे, ओळीत जोडावं: जुन्याचं गरम तोंड नव्याच्या गार तोंडाला. दोन्ही टाक्या एकाच उंचीवर, दोन्हींना स्वतंत्र व्हेंट. समांतर जोडणीत पाणी जवळच्या यंत्रातून जास्त धावतं आणि दुसरं नुसतंच तापत बसतं.

कॉइल आणि गीझरची सेटिंग

वीज किती लागेल याचं सूत्र सोपं आहे: लिटर गुणिले वाढवायचे अंश, भागिले ८६०, उत्तर युनिटमध्ये. २०० लिटर २५ वरून ६० ला न्यायला ८.१ युनिट, २ किलोवॉटच्या कॉइलला चार तास. १५ लिटरचा गीझर तेवढाच तापवायला ०.६ युनिट आणि अठरा मिनिटं. म्हणून सोलरच्या टाकीतली कॉइल ही शेवटची सोय समजावी. ती असेल तर दिवसा बंदच ठेवा, नाहीतर उन्हाचं काम विजेने होतं. ढगाळ दिवसानंतर टायमरने पहाटे साडेचार ते पावणेसहा. मधोमध बसवलेली कॉइल वरचं निम्मं पाणी तापवते. १०० लिटर ३५ वरून ५५ ला न्यायला २.३ युनिट, एवढ्याच वेळाचं काम. थर्मोस्टॅट ६० वर. त्याच्या वर नेलं की आपल्या पाण्यात कॉइलवर क्षाराचा पापुद्रा झपाट्याने चढतो, कॉइल आतून तापून जळते. फार खालीही नको: साठलेल्या कोमट पाण्यात लिजिओनेलासारखे जिवाणू वाढतात, ६० ला ते टिकत नाहीत.

कॉइलची वायर २ किलोवॉटला २.५ चौ. मि.मी., ३ किलोवॉटला आणि लांब अंतराला ४ चौ. मि.मी. एमसीबीसोबत ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आणि खरीखुरी अर्थिंग, यात तडजोड नाही. कॉइलला बारीक तडा गेला की सगळ्या घराच्या गरम नळाला करंट येतो.

न्हाणीघरातल्या गीझरची गोष्ट वेगळी. वीज वाचवायला त्याचा थर्मोस्टॅट ४५ वर ठेवतात आणि मग १५ लिटरच्या गीझरमधून ४० अंशांचं १९ लिटर पाणी निघतं, एक बादलीही नाही. ६० वर ठेवलं तर कागदावर ३१ लिटर, आत गार पाणी मिसळतं म्हणून प्रत्यक्षात २५. बटणावर आकडे नसतात, किमान-कमाल असतं; गीझरचा दिवा विझल्यावर नळाखाली थर्मामीटर धरून ६० ची जागा शोधा आणि तिथे मार्करने रेघ ओढा. लहान मुलं असतील तर बादलीत आधी गार पाणी, मग गरम, हा नियम घरात पक्का करा. ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं.

सोलर आणि गीझर एका ओळीत जोडायचे तर तीन कॉक लावा: एक गीझरच्या आत जाणाऱ्या लाइनवर, दुसरा बाहेर येणाऱ्या, तिसरा दोन्हींना वळसा घालून सरळ नळाकडे. ढगाळ दिवशी पहिले दोन उघडे, तिसरा बंद. एरवी उलट, आणि गीझरचं बटण बंद. मे महिन्यातलं ८०–९० अंशांचं पाणी गीझरमध्ये सोडलं की त्याचा कटआउट (जास्त तापल्यास वीज तोडणारा भाग) उडतो आणि नंतर गीझरच बिघडल्यासारखा वाटतो. गीझर आणि त्याच्या सेफ्टी व्हॉल्व्हच्या मध्ये मात्र कॉक घालायचा नाही. तापताना त्या व्हॉल्व्हमधून थेंब गळणं बरोबर आहे, त्याला टेप लावून बंद करू नका.

तीन लिटरच्या इन्स्टंट गीझरकडून थंड पाणी तापवण्याची अपेक्षा चुकीची. ३ किलोवॉटचा गीझर किती अंश वाढवतो हे काढायला ४३ ला मिनिटाच्या लिटरने भागा. नळ मिनिटाला तीन लिटर सोडला तर १४ अंश. सोलरच्या ३८ अंशांच्या पाण्याला तो उत्तम आधार देतो. २२ च्या पाण्याला ३६ वर नेऊन थांबतो आणि धार वाढवली की तेही नाही.

उन्हाळ्यात

एप्रिल ते जूनच्या सुरुवातीपर्यंत अडचण उलटी असते. गार टाकीतलंच पाणी अंघोळीपुरतं तापलेलं, सोलरमधलं उकळतं, व्हेंटमधून वाफ आणि पाणी जातं. जे पाणी पाळीवर मिळतं तेच गच्चीवर सांडतं. निम्म्या नळ्या झाका. शेडनेट दुहेरी करून बांधा, गोणपाट चालतं, आणि घरातली विरलेली सोलापुरी चादर तर याच कामासाठी राखून ठेवावी. वाऱ्याने उडू नये म्हणून दोऱ्या स्टँडच्या पायांना, नळ्यांना नाही. सोलर बंद ठेवायचा म्हणून तो रिकामा करून उन्हात सोडू नका: रिंगा करपतात, आणि कुणीतरी विसरून कॉक उघडला की नळ्यांची रांगच्या रांग तडकते. गावाला जाताना सगळ्या नळ्या झाकून, गार पाण्याचा कॉक उघडा आणि छोटी टाकी भरलेली ठेवून जा.